पाहणीत फिरायला जाणारे कोणी आढळले नाही

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववीपर्यंत, धंदा अर्ज लिहिणे, बैठक तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर. नाव देत नाही.

ज्या व्यक्तीकरिता अर्ज : माझी धर्मपत्नी. तिचेही नाव देत नाही. तिची तशी सक्त ताकीद आहे.

गैरअर्जदार : पुष्कळ विचार केला, निश्चित करता आले नाही.

घटनेचे ठिकाण : यवतमाळ जिल्ह्यातील आमचे तालुक्याचे गाव, त्याच्या अंगावरून गेलेला मोठा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या मधल्या भिंतीत असलेली एक फट.

दिनांक : कापसाचा दुसरा वेचा चालू होता आणि सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघत होती. याहून नेमके कोणी सांगत नाही.

साक्षीदार : एक, शेजारच्या सायकल-मिस्त्रीची बायको. दोन, सेवानिवृत्त गुरुजींची पत्नी. सहीसाठी दोघींच्याही घरून नकार आला आहे.

अर्जाची मांडणी अशीच असते. कोण, कोणाकरिता, कोणाविरुद्ध, कुठे, केव्हा, कोणासमक्ष. एवढ्या खुंट्या ठोकून झाल्याशिवाय मी कोणाच्याही दुःखाचा पहिला शब्द कागदावर घेत नाही. मारेगावकडची माणसेसुद्धा आपल्या तालुक्याची कचेरी मागे टाकून माझ्या टेबलाशी येतात, ती या मांडणीसाठी. माझ्या अक्षराला कचेरीत वजन आहे हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणे शोभत नाही. परंतु शिपायापासून नायब तहसीलदारांपर्यंत सर्वांना ते ठाऊक आहे. अशा माणसाला आपल्याच घरच्या बाबतीत गैरअर्जदाराचा रकाना मोकळा ठेवावा लागला. म्हणून हे सर्व अर्ज म्हणून न लिहिता आठवण म्हणून लिहून ठेवीत आहे.

माझ्या पत्नीला साखरेचा आजार आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी सर्व तपासण्या पाहून सांगितले होते, "बाई, रोज सकाळी मोकळ्या रस्त्याने भरभर चालत जा. चालणं ठेवलं तर गोळीवर भागेल. बंद केलं तर सुईवर जावं लागेल." सुई हा शब्द ऐकताच तिचा चेहरा उतरला. तिचे माहेर कळंबजवळचे. तिच्या आईची शेवटची वर्षे सुईवर गेली होती, आणि आईच्या पोटाला रोज सकाळी सुई टोचण्याचे काम लग्नाआधी हिच्याकडेच होते. त्यामुळे ती इतर औषधांना भीत नसे, पथ्याला कंटाळत नसे, फक्त सुई नको म्हणत असे. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती एवढेच म्हणाली, "मी चालीन जी. म्हनसान तितकी चालीन."

चालण्याची तिची तयारी होती. चालायचे कुठे, हा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नव्हता.

आमचे गाव पूर्वी पायांनी मोजलेले होते. बाजार, शाळा, मशीद, मारोती, कचेरी, सर्व काही बिडी संपायच्या आत गाठता येई. नंतर लेआउट पडले, म्हणजे शेते मोडून घरांचे प्लॉट पाडले गेले. एका लेआउटचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीपाशी येऊन संपतो, आणि पलीकडच्या घरातली फोडणी नाकाला कळत असूनही त्या घरी जायला मोठ्या चौकाला वळसा घालावा लागतो. गावातल्या मुख्य रस्त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी फरशी बसवली होती. तिच्यावर आता चपलांचे दुकान, रसवंती, मोबाईलचे कव्हर विकणारे, आणि मोटारसायकली आहेत. माझे टेबलही तिच्यावरच आहे. हे मी लपवीत नाही. परंतु माझे टेबल लोकांच्या कामासाठी आहे आणि कव्हरवाल्याचे तसे नाही, हा फरक जाणत्याच्या लक्षात येईल.

माझ्या टेबलाला लागून सायकल-मिस्त्रीचे दुकान आहे. तो आमचा शेजारीही आहे. मला तो वकीलसाब म्हणतो, आणि ते आदराने म्हणतो की अन्यथा, याचा मी शोध घेतलेला नाही. एकदा मी फरशीवरच्या अतिक्रमणाबाबत एका ग्राहकाचा अर्ज मोठ्याने वाचून दाखवीत होतो. तो पंक्चर काढता काढता म्हणाला, "वकीलसाब, बहुत बढिया लिखे. आता या अर्जानं पयले आपला टेबल उठते, मंग माया पंप उठते."

"सार्वजनिक हितात थोडी सूट असते," मी म्हणालो.

"हाव ना. सूट आपल्याले, हित दुसऱ्याले."

तर गावात चालणे शक्य नव्हते. गावाच्या पुरुषांनी त्यावर उपाय काढला होता. ते गाडीने कॉलेजच्या मैदानावर जातात, तिथे चालतात, आणि गाडीने परत येतात. बायकांनी वेगळा उपाय काढला. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे एक पांदण आहे, म्हणजे शेताशेतांतून जाणारी जुनी बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मग कापूस, तूर, आणि शेवटी नाल्याच्या काठी मारोतीचे ठाणे. तिथे वाहन येत नाही, धूर नाही, आणि विशेष म्हणजे पाहणारे कोणी नाही. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मध्ये सिमेंटची भिंत आली, परंतु आमच्या आळीसमोर तिच्यात एक फट राहून गेली होती. एक माणूस सायकल हाती धरून निघेल एवढी. त्या फटीतून पलीकडच्या वस्तीतल्या मुली सायकलीने शाळेत येत, आणि अलीकडच्या बायका पांदणीवर फिरायला जात.

फिरायला जात, असे मी लिहितो. त्या स्वतः तसे कधीही म्हणत नसत, आणि हीच या प्रकरणाची कळ आहे.

आमच्याकडे बाईमाणूस काम नसताना घराबाहेर चालत नाही. चालताना दिसली की ओट्यावरचा प्रत्येक जण विचारतो, "कुठी चालल्या वयनी?" याला काहीतरी उत्तर असावेच लागते. "फिराले" हे उत्तर दिले तर दोनच अर्थ निघतात. एक तर हिला घरी काम नाही, नाही तर हिला काही तरी आजार आहे. त्यामुळे प्रत्येकीने आपापले कारण हातात धरलेले असे. गुरुजींच्या पत्नीच्या हातात पूजेचे ताट, कारण पांदणीच्या शेवटी मारोती. मिस्त्रीच्या बायकोच्या हातात पिशवी, कारण शेतातली ताजी भाजी. आमच्या घरून निघे ती दुधाची केटली. दूध आमच्याकडे पिशवीचे येते आणि ते दारात येते, तरी केटली रोज जाई आणि रोज रिकामी परत येई. हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते.

डॉक्टरांनी बूट घालून चाला म्हटले होते, म्हणून मी तिच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. ते तिने पायात घालून पाहिले, घरातल्या घरात चालून पाहिले, आणि खोक्यात परत ठेवले.

"काहून?" मी विचारले.

"लुगड्याखाली बूट घालून दुधाले गेली तं लोक काय म्हनतीन?"

मिस्त्रीची बायको दारात उभी होती. ती खो खो हसली. "भाभी, मेरेकू देखो. बुरख्याच्या खाली काय हाये, कोनाले दिसते? मी तं नवऱ्याचे बूट घालून येतो. तुमच्या लुगड्याची लंबाईच कमी हाये."

"तुमचं बरं हाये बाप्पा," माझी पत्नी म्हणाली. "तुमी आतून पोलीस, वरून भाभी."

त्या दिवसांत ती हसत असे. साखरेने होणारी पायाची आग कमी झाली होती. तपासणीचा कागद पाहून डॉक्टर मान डोलावीत. चालणे चालू होते तोवर सुई दूर होती, आणि ते चालणे त्या एका फटीवर अवलंबून होते, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नसले तरी जाणून होते.

मग रस्त्याच्या कचेरीने मधल्या भिंतीतल्या सर्व फटी बंद करण्याचे ठरवले. कारण सुरक्षितता. ते कारण खोटे होते असे मी म्हणणार नाही. ट्रक तिथून ज्या वेगाने जातात तो वेग पाहून मीसुद्धा दोन पावले मागे सरकतो. पर्याय म्हणून कापसाच्या जिनिंग कारखान्यापलीकडच्या पुलाखालचा रस्ता दाखवण्यात आला. तो कागदावर जवळ आहे. प्रत्यक्षात तिथवर जायचे तर कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून, धुळीतून, कडेला पाऊल टाकायला जागा नसलेल्या रस्त्याने जावे लागते. पांदण येण्याआधीच माणूस दमून घरी परत येईल.

मी अर्ज केला, सही आळीतल्या एका म्हाताऱ्याची घेतली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अर्ज होता, असे माझे आजही मत आहे. त्यात मी लिहिले की गाव हे केवळ वाहनांना वाट देण्यासाठी वसवलेले नसते. ज्या गावात स्त्रिया, मुली आणि म्हातारी माणसे निर्भयपणे पायी अथवा सायकलीने जाऊ शकत नाहीत त्या गावाचा आराखडा अपुरा समजावा. फट बुजवू नये. उलट तिथे पांढरे पट्टे, वेग कमी करणारे उंचवटे आणि दिवा द्यावा, आणि पांदणीला पायवाटेचा दर्जा द्यावा. फटीतून जाणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रकृतीसाठी दररोज चालतात, हे मी ठळक अक्षरात लिहिले.

त्या अर्जाची दखल घेतली गेली. हे मुद्दाम नमूद करतो, कारण आपले अर्ज कोणी वाचत नाही अशी लोकांची समजूत असते. एक तरुण अभियंता साहेब माझ्या टेबलाशी स्वतः चालत आले. पुण्याकडचे असावेत. बोलणे स्वच्छ आणि नम्र.

"काका, अर्ज तुम्ही लिहिलाय?"

"होय साहेब. सही वेगळी असली तरी भाषा माझी आहे."

"छान लिहिलंय. मला पटलंय. पण माझ्या पटण्यावर होत नाही. तिथे रोज चालायला येणारी माणसं आहेत, हे पाहणीत दिसायला हवं. कामासाठी ओलांडणाऱ्यांना वरचे लोक पुलाचा रस्ता दाखवतात. चालणं हेच ज्यांचं काम आहे, अशी माणसं मला दाखवा."

"दररोज आहेत, साहेब."

"मग झालं. मी येतो एका सकाळी. कधी ते सांगणार नाही, नाहीतर म्हणतील माणसं गोळा केली. आणि तुम्ही तिथं असलात तरी मध्ये बोलायचं नाही."

मी घरी येऊन पत्नीला सांगितले. "कोनी साहेब आला आन् विचारलं, तं सरळ सांगजो. फिराले येतो म्हनून."

ती भाकरी थापीत होती. "परक्या मानसाले सांगू, मले साखर हाये म्हनून?"

"साखर नको सांगू. फिराले येतो, एवढंच सांग."

"तेच झालं ना जी ते," ती म्हणाली.

मला वाटले, प्रसंग आला म्हणजे ती बोलेल. माणूस साहेबासमोर उभा राहिला की खरे बोलतो, असा माझा कचेरीतला अनुभव आहे.

साहेब आले ती सकाळ धुक्याची होती. मी रोज दात घासता घासता फटीच्या अलीकडच्या टोकाला उभा राहत असे, तसाच त्या दिवशीही होतो. साहेबांसोबत एक मदतनीस होता. त्याच्या हातात तक्ता आणि पेन. साहेबांनी मला पाहून मान हलवली आणि बोट ओठाला लावले.

पहिल्यांदा शेताला जाणारी माणसे गेली. विळे, डबे, पाण्याच्या कॅन. मदतनीसाने लिहिले, कामानिमित्त. शाळेच्या दोन मुली सायकली हातात धरून पलीकडून आल्या. त्याने साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "शाळा. कामातच धर." मग गुरुजींची पत्नी ताट घेऊन आली.

"नमस्कार ताई. रोज येता का इकडे?"

"हो."

"फिरायला?"

गुरुजींच्या पत्नीने ताटावरचा रुमाल नीट केला. "नाही हो. मारोतीला."

पाठोपाठ मिस्त्रीची बायको. साहेबांनी तेच विचारले. तिने पिशवी वर करून दाखवली. "मेथी लाने को. शेतातली चांगली मिळते ना, साहेब."

"चालण्यासाठी नाही?"

"हमकू कायका टाइम है चलनेका?"

मी घशाशी आलेला शब्द पेस्टसकट गिळला. त्या दोघी पलीकडे जाऊन थांबल्या होत्या, कारण तिसरी मागे होती. ती आली. धुक्यातून तिची केटली आधी दिसली. तिने मला पाहिले, साहेबांना पाहिले, मदतनीसाच्या हातातले पेन पाहिले.

साहेबांचा आवाज या वेळी निराळाच होता. जणू तेच तिला विनवीत होते. "मावशी, खरं सांगा. तुम्ही रोज सकाळी इथून चालायला जाता ना? व्यायाम म्हणून?"

एक ट्रक गेला, तिचा पदर उडाला, तिने तो कानामागे घेतला.

"नाही जी," ती म्हणाली. "दूध आनाले."

"दूध इकडे नाही मिळत?"

"भेसळीचं असते."

मदतनीसाने लिहिले. ती फटीतून पलीकडे गेली. पुढे जाताना केटलीचे झाकण वाजत होते. भरलेल्या केटलीचे झाकण तसे वाजत नाही. साहेबांना ते ऐकू गेले असावे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही हात थोडेसे पसरले.

जाण्यापूर्वी ते माझ्यापाशी आले. "काका, मला समजतंय हो सगळं. पण मी काय लिहू? देवळाला जायचं तर वरचे म्हणतील, गावात देऊळ आहे. भाजी अलीकडे मिळते. दूध दारात येतं. त्यांनी दिलेल्या प्रत्येक कारणाला पर्याय आहे. जे कारण खरं आहे, ते कोणी सांगितलंच नाही."

"साहेब, मी सांगतो. लेखी देतो."

"तुम्ही चालता का तिथं?"

मी बसून काम करणारा माणूस आहे.

दुपारी मी घरी गेलो ते संतापूनच. "तोंडाजवळ घास आलता! एक शब्द बोलाचा होता तुले."

"तुमाले सोपं हाये," ती म्हणाली. "तुमी लोकाईच्या घरची दुःखं लिहता, आन् संध्याकाळी हात धुवून जेवता. मले त्याच आळीत राहाचं हाये. उद्या तो कागद कचेरीत पडला, शिपायानं वाचला, शिपायाच्या बायकोनं विहिरीवर सांगतलं, मंग?"

"आता विहिरीवर कोन जाते?"

"व्हॉट्सअॅपवर तं जातेत ना."

तरीही मी हरलो नव्हतो. अहवाल वर जाण्याआधी स्त्रियांची निवेदने जोडता आली तर चित्र पालटले असते. मी प्रत्येकीचे निवेदन सुंदर अक्षरात तयार केले. मी अमुक, प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय सल्ल्याने दररोज सदर मार्गाने चालते. एवढेच. मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा दिला, कागद वाचला, आणि दुमडून माझ्याकडे परत केला.

"भाऊजी, पोरीचं पाहणं चालू आहे. एक स्थळ जमत आलं आहे. घरात साखर आहे असं कागदावर लिहून देऊ? उद्या ते म्हणतील, आईला आहे, पोरीलाही होईल."

गुरुजी खुर्चीत बसून छताकडे पाहत होते. ज्या गुरुजींनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना खरे बोलावे असे शिकवले, त्यांनी या विषयात मौन पाळले. त्यांना मी दोष देत नाही. माझी मुलगी लग्नाची असती तर मीही छताकडेच पाहिले असते.

मिस्त्रीच्या घरी तर कागद उघडण्याचीही वेळ आली नाही. तो हात जोडून म्हणाला, "वकीलसाब, आप लिखो, लाख बार लिखो. पर मेरी घरवाली का नाम सरकारी कागज पे, आन् खाली लिखा के वो सवेरे सवेरे खेतोंमें घूमती? मेरे भाई लोग मेरेकू घर में घुसने देंगे?"

"पन ते खरं तं हाये."

"खरं हाये म्हनून तं."

माझ्या पत्नीकडे मी कागद नेलाच नाही.

अहवालात एक वाक्य आले. पाहणीत सदर ठिकाणी फिरायला जाणारे कोणी आढळले नाही. ते वाक्य मी स्वतः वाचले. भाषा निर्दोष होती. त्यानंतर काही दिवसांनी मिक्सर आला आणि फट सिमेंटने भरली गेली. भरताना ओल्या सिमेंटवर कुत्र्याचे पाऊल उठले. तेवढेच एक पाऊल तिथे राहिले आहे.

तरुण मुले आता भिंतीवर हात टेकून उडी मारतात. लुगड्यात, बुरख्यात किंवा सायकल घेऊन उडी मारता येत नाही. पलीकडच्या मुलींपैकी काही जणी पुलाखालून, वाहनांच्या उलट्या दिशेने येतात. काहींना बाप मोटारसायकलवर सोडतो. मिस्त्री सांगतो की त्या वस्तीतल्या सायकली आता दुरुस्तीला येत नाहीत. "टायर घिसेल तर दुकान चलेल. भिंतीला टांगलेली सायकल कायले बिघडते?" हे सांगताना तो हसतो, परंतु नेहमीसारखे नाही.

फट बुजल्यावर मी बायकांना चालायला जागा मागणारा दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर म्हणून लेआउटच्या मोकळ्या जागेत फिरण्यासाठी ट्रॅक मिळाला. मिळाला हे खरे. लाल फरशीचा एक लंबगोल, मध्ये व्यायामाची लोखंडी यंत्रे, भोवती जाळी, फाटकाला कुलूप. सावली नाही. चारही बाजूंनी दुमजली घरे, आणि प्रत्येक गच्चीवर चहाचा कप घेऊन कोणीतरी उभे. पहिल्या संध्याकाळी मी आग्रह करून तिघींना नेले. यंत्रांवर मुले बसून मोबाईल पाहत होती. तिघींनी एक फेरा घातला. इथे हातात काही धरण्याची गरज नव्हती, आणि मोकळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. गच्चीवरून एका बाईने ओळखीच्या सुरात हाक मारली, "काय वो वयनी, डॉक्टरनं सांगतलं काय?"

गुरुजींची पत्नी तिथूनच परत फिरली. मिस्त्रीची बायको दुसऱ्या फेऱ्याला म्हणाली, "ये क्या चलना है भाभी? घाणी का बैल है क्या हम?" माझी पत्नी फाटकापाशी येऊन मला म्हणाली, "चला घरी. तुमी लय केलं. आता राहू द्या."

"तुमी लय केलं" हे शब्द मी अनेक हरलेल्या पक्षकारांच्या तोंडून ऐकले आहेत. त्यांना मी धीर देतो, वरच्या कचेरीचा पत्ता सांगतो. त्या संध्याकाळी मला वरची कचेरी कोणती, हे सुचले नाही.

ती काही दिवस घरातच चालली. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारातून स्वयंपाकघरात. वळताना प्रत्येक वेळी तिचा हात भिंतीला लागे, आणि त्या जागी चुन्यावर एक काळपट डाग उमटला. मग गुडघे बोलू लागले. मग ते चालणेही सुटले. पायाची आग परत आली. थंडीतही ती पाय पांघरुणाबाहेर ठेवून झोपते. यवतमाळच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारले, "चालणं का बंद केलं?" ती खाली पाहत बसली. मी फट, पाहणी, अहवाल असे सर्व सांगू लागलो. बाहेर रुग्णांची रांग होती. डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी अर्धे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण शरीराला कारणं कळत नाहीत." आणि सुई लिहून दिली.

आता ती सुई रोज सकाळी मी टोचतो. तिचा स्वतःचा हात धजत नाही. आईला ती न चुकता टोचत असे, स्वतःला मात्र तिला जमत नाही. ती डोळे मिटून भिंतीकडे तोंड करते. माझा हात कापत नाही. मी आयुष्यभर बारीक अक्षर लिहिले आहे. टोचून झाल्यावर ती म्हणते, "झालं?" आणि मी म्हणतो, "झालं." त्यानंतर मी कामावर जातो आणि लोकांचे अर्ज लिहितो.

कोणावर दोष ठेवावा, हे मला ठरवता येत नाही. साहेबांनी जे पाहिले ते लिहिले. भिंत बांधणाऱ्यांनी अपघात टाळला. बायकांनी आपली अब्रू राखली. गच्चीवरची बाई सहज बोलली. या सर्वांची बाजू मला मांडायला सांगितली तर मी प्रत्येकाची उत्तम मांडीन. फक्त एका बाईला सकाळी सरळ चालत जायला वाट नाही, हे मागे उरते, आणि त्याला कोणते कलम लावावे हे मला सापडत नाही.

सबब, गावांचे रस्ते, भिंती, पूल आणि मोकळ्या जागा आखण्याचा अधिकार ज्या कोणाकडे असेल, त्यांच्याकडे माझे लेखी मागणे आहे. ज्या बाईला आपण चालतो हे सांगता येत नाही, तिची गणती पाहणीत कशी करावी, आणि तिच्या वाटेचा आराखडा कोणी करावा, याचा खुलासा व्हावा. "विचाराधीन आहे" असे उत्तर कृपया पाठवू नये. तशी पुष्कळ माझ्या संग्रही आहेत. खुलासा लेखी देणे अडचणीचे असल्यास कोणीही सकाळी आमच्या दारी येऊन तोंडी द्यावा. मात्र तो मला देऊ नये. तिला द्यावा, आणि ती काय म्हणते ते ऐकण्यापुरते थांबावे.